बॉब मार्ली

रॉबर्ट नेस्टा मार्ली ऊर्फ बॉब मार्ली (जन्म : नाइन माइल, सेंट ॲन परगणा, जमैका, ६ फेब्रुवारी १९४५, मृत्यू : मायामी, फ्लोरिडा, अमेरिका, ११ मे १९८१) हे जमैकन गायक, गीतकार व गिटारवादक होते. रेगे या संगीतप्रकाराला जमैका बेटाबाहेर जगभर पोहोचवणाऱ्या कलावंतांत त्यांचे नाव अग्रस्थानी घेतले जाते. वसाहतवाद, वर्णभेद आणि दारिद्र्य यांविरुद्धचा आवाज म्हणून आफ्रिका, युरोप व अमेरिका या तिन्ही खंडांत त्यांना मान्यता मिळाली. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झालेल्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाने वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. खेळताना झालेली किरकोळ इजा म्हणून ज्याकडे प्रारंभी पाहिले गेले, तो डाग प्रत्यक्षात प्राणघातक ठरला. त्यामुळे संगीताच्या इतिहासाप्रमाणेच वैद्यकशास्त्रातही, साधा तीळ किंवा मुका मार आणि मेलॅनोमा यांतील भेद समजावून सांगताना, मार्ली यांच्या आजाराचा दाखला वारंवार दिला जातो.

जन्म आणि बालपण

मार्ली यांचा जन्म जमैकाच्या उत्तरेकडील सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या डोंगराळ खेड्यात, आजोबांच्या घरी झाला. आई सेडेला माल्कम या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातील होत्या व मुलाच्या जन्माच्या वेळी त्यांचे वय १८ वर्षे होते. वडील नॉर्व्हल सिंक्लेअर मार्ली हे वयाने त्यांच्याहून कितीतरी मोठे असलेले श्वेतवर्णीय जमैकन होते. लग्नानंतर ते पत्नी व मुलासोबत फारसे राहिले नाहीत. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मार्ली दहा वर्षांचे होते. मिश्र वंशामुळे मार्ली यांना लहानपणी दोन्ही बाजूंनी टोमणे सहन करावे लागले. पुढे त्यांनी स्वतःची ओळख आफ्रिकी वंशाचा माणूस अशीच मानली.

खेड्यातील बालपणातच त्यांची नेव्हिल लिव्हिंग्स्टन ऊर्फ बनी यांच्याशी मैत्री झाली. मार्ली साधारण बारा वर्षांचे असताना आई त्यांना घेऊन राजधानी किंग्स्टन येथे आली. शहराच्या पश्चिम भागातील ट्रेंचटाउन ही मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती होती. लहान खोल्या, सामाईक अंगण आणि सार्वजनिक नळ असे तेथील जीवन होते. या वस्तीतील माणसे, त्यांची भांडणे, भूक आणि आपसातील आधार हे सारे पुढे मार्ली यांच्या गीतांत उतरले. शाळा सुटल्यावर त्यांनी काही काळ वेल्डिंगच्या दुकानात उमेदवारी केली. तेथे धातूचा कण डोळ्यात जाऊन इजा झाल्यावर त्यांनी ते काम सोडले आणि संगीताकडे पूर्ण लक्ष दिले.

संगीतातील प्रारंभ

ट्रेंचटाउनमध्ये राहणारे गायक जो हिग्ज यांनी वस्तीतील होतकरू मुलांना आवाजाचे व सहगायनाचे शिक्षण दिले. त्यांच्याकडेच मार्ली व बनी यांची पीटर टॉश यांच्याशी गाठ पडली. १९६२ मध्ये निर्माते लेस्ली काँग यांच्यासाठी मार्ली यांनी पहिले ध्वनिमुद्रण केले, परंतु त्याला यश लाभले नाही. १९६३ मध्ये या तिघांनी आणखी काही सोबत्यांसह गायकवृंद स्थापन केला. तोच पुढे ‘द वेलर्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. क्लेमंट कॉक्सन डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’ संस्थेने काढलेली त्यांची ‘सिमर डाउन’ ही तबकडी १९६४ मध्ये जमैकात अतिशय लोकप्रिय झाली. वस्त्यांतील तरुण टोळ्यांना डोके शांत ठेवण्याचे आवाहन त्या गीतात होते. गाणे लोकप्रिय झाले तरी गायकांच्या हाती मात्र तुटपुंजे पैसे पडत.

१० फेब्रुवारी १९६६ रोजी मार्ली यांचा विवाह गायिका रिटा अँडरसन यांच्याशी झाला. त्यानंतर लगेचच ते अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे आईकडे गेले. पैसे साठवून स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढावी हा हेतू होता. तेथे त्यांनी कारखान्यांत मजुरी केली व काही महिन्यांतच ते मायदेशी परतले.

रास्ताफारी विचार

इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी २१ एप्रिल १९६६ रोजी जमैकाला भेट दिली. त्या वेळी मार्ली अमेरिकेत होते, परंतु रिटा मार्ली यांनी सम्राटांची मिरवणूक पाहिली आणि त्यांचे मन रास्ताफारी पंथाकडे वळले. मार्ली यांनीही पुढे हा पंथ स्वीकारला. १९३० च्या दशकात जमैकात उदयास आलेल्या या पंथाचे अनुयायी हैले सेलासी यांना ईश्वरस्वरूप मानतात, आफ्रिकेला आपली मूळ भूमी समजतात, केस न कापता त्यांच्या जटा वाढवतात आणि साधनेत गांजाचे सेवन करतात. जमैकात रूढ असलेला ‘गांजा’ हा शब्द मूळचा भारतीय आहे. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर तो तेथे पोहोचला. शरीर हे ईश्वराचे मंदिर असून ते अखंड राहावे, अशीही पंथातील अनेकांची श्रद्धा आहे. मार्ली यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात या श्रद्धेला विशेष महत्त्व आले.

आंतरराष्ट्रीय कीर्ती

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकातील स्का व रॉकस्टेडी या प्रकारांतून संथ लयीचा रेगे घडत गेला. निर्माते ली पेरी यांच्यासोबत केलेल्या ध्वनिमुद्रणांनी वेलर्सच्या संगीताला भारदस्त रूप दिले. याच काळात ॲस्टन व कार्लटन बॅरेट हे बंधू अनुक्रमे बेस गिटार व ड्रमसाठी वृंदात आले. १९७२ मध्ये लंडनमधील आयलंड रेकॉर्ड्सचे संस्थापक ख्रिस ब्लॅकवेल यांनी वेलर्सला संपूर्ण संग्रहासाठी आगाऊ रक्कम दिली आणि १९७३ मध्ये ‘कॅच अ फायर’ व ‘बर्निन’ हे दोन संग्रह प्रसिद्ध झाले. त्यातील ‘आय शॉट द शेरिफ’ हे गीत एरिक क्लॅप्टन यांनी १९७४ मध्ये गायले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यावर मूळ गीतकाराकडेही जगाचे लक्ष गेले.

१९७४ मध्ये टॉश व बनी वेगळे झाले. त्यानंतर वृंद ‘बॉब मार्ली अँड द वेलर्स’ या नावाने गाऊ लागला. रिटा मार्ली, मार्शा ग्रिफिथ्स व ज्युडी मोवॅट या तिघींनी ‘आय थ्रीज’ या नावाने साथ दिली. १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहातील कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेले ‘नो वुमन, नो क्राय’ इंग्लंडमध्ये गाजले. ट्रेंचटाउनमध्ये भुकेल्यांना जेवू घालणारे मित्र व्हिन्सेंट फोर्ड यांच्या नावावर या गीताचे श्रेय नोंदवलेले आहे. १९७६ च्या ‘रास्तामॅन व्हायब्रेशन’ या संग्रहाने अमेरिकेतील पहिल्या दहांत स्थान मिळवले.

हल्ला आणि लंडनमधील वास्तव्य

१९७६ च्या निवडणुकीपूर्वी जमैकात दोन प्रमुख पक्षांच्या समर्थकांत रक्तरंजित संघर्ष सुरू होता. वातावरण निवळावे म्हणून मार्ली यांनी ‘स्माइल जमैका’ हा विनामूल्य कार्यक्रम जाहीर केला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, ३ डिसेंबर १९७६ रोजी, किंग्स्टनमधील ५६ होप रोड या त्यांच्या निवासस्थानी बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. मार्ली यांच्या छातीला व हाताला, तर रिटा यांच्या डोक्याला गोळी लागली. व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाले. सुदैवाने सर्वजण वाचले. ५ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे मार्ली जखमी अवस्थेतच रंगमंचावर आले व गायले. त्यानंतर त्यांनी देश सोडला आणि पुढील वर्षाचा बराच काळ लंडनमध्ये व्यतीत केला. तेथेच ‘एक्झोडस’ हा संग्रह पूर्ण होऊन जून १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला व इंग्लंडमध्ये सलग ५६ आठवडे लोकप्रियतेच्या यादीत राहिला. कीर्ती शिखरावर असतानाच त्यांच्या आजाराने डोके वर काढले.

अंगठ्याची जखम आणि निदान

फुटबॉल हा मार्ली यांचा संगीताइतकाच आवडता विषय होता. दौऱ्यावर जिथे मोकळी जागा मिळेल तिथे ते सहकाऱ्यांसह खेळत. मे १९७७ मध्ये युरोपच्या दौऱ्यात पॅरिस येथे खेळताना त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मार लागला व नख उखडले. त्याआधीही त्याच अंगठ्याला खेळताना इजा झाल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. खेळाडूच्या पायाचे नख काळे पडणे ही नित्याची बाब असल्याने त्याकडे प्रारंभी फारसे लक्ष दिले गेले नाही. अंगठ्याला पट्टी बांधून त्यांनी कार्यक्रम चालू ठेवले. जखम मात्र भरून येईना.

अखेरीस जुलै १९७७ मध्ये तपासणीअंती नखाखाली मेलॅनोमा असल्याचे निष्पन्न झाले. दुखापतीमुळे हा कर्करोग झाला असे म्हणता येत नाही. आधीपासून तेथे असलेला विकार दुखापतीच्या निमित्ताने डॉक्टरांपुढे आला, किंबहुना दुखापतीच्या आड तो काही काळ लपून राहिला, असेच या घटनाक्रमावरून दिसते.

मार्ली यांना झालेला प्रकार तळहात, तळपाय व नखांखालील त्वचेत उद्भवणारा होता. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये, म्हणजे मार्ली यांच्या निदानाच्या जेमतेम एक वर्ष आधी, या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. नखाजवळच्या मेलॅनोमाचे वर्णन मात्र त्याहून बरेच जुने आहे. इंग्लिश शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये, नखुर्ड्यासारख्या दिसणाऱ्या परंतु कडेला काळी झाक असलेल्या व्रणांकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले होते. नखातील काळा रंग नखाच्या मुळाशी किंवा कडेच्या कातडीवर उतरणे, या लक्षणाला आजही हचिन्सन यांचे नाव आहे.

निरुपद्रवी तीळ आणि मेलॅनोमा यांतील भेद

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशींत तयार होते, त्याच पेशींच्या एकत्र येण्याने तीळ बनतो. प्रौढ माणसाच्या अंगावर असे अनेक तीळ असतात व त्यांतील बहुतेक आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. याच पेशींची वाढ अनिर्बंध झाली की मेलॅनोमा होतो. तो काही वेळा जुन्या तिळात, परंतु बहुतांशी स्वच्छ त्वचेवर नव्यानेच उद्भवतो. दोहोंचे मूळ एकच असल्याने प्रारंभी त्यांचे रूप सारखे भासते.

मार्ली यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९८५ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी हा भेद ओळखण्यासाठी सोपी सूत्रे मांडली. साधा तीळ मध्ये रेघ कल्पिल्यास दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, तर मेलॅनोमाचे दोन भाग जुळत नाहीत. साध्या तिळाची कड रेखीव असते, मेलॅनोमाची कड दातेरी किंवा शाई पसरल्यासारखी अस्पष्ट असते. साध्या तिळाचा रंग एकसारखा असतो, तर मेलॅनोमात तपकिरी, काळा, लालसर, निळसर किंवा पांढुरका अशा अनेक छटा एकत्र दिसू शकतात. सहा मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलच्या मागील टोकापेक्षा, मोठा डाग अधिक संशयास्पद मानला जातो. २००४ मध्ये या चार निकषांत पाचव्याची भर पडली, ती म्हणजे बदल. आकार, रंग वा उंची बदलणारा, खाजणारा, चिघळणारा किंवा रक्त येणारा तीळ लहान असला तरी तपासून घेणे आवश्यक असते. एकाच माणसाच्या अंगावरील तीळ साधारणपणे एकमेकांसारखे असतात. त्यामुळे इतरांहून वेगळा दिसणारा एखादाच तीळ असल्यास तोही संशयास्पद धरतात. या लक्षणाला कुरूप बदकाच्या पिल्लाच्या गोष्टीवरून नाव मिळाले आहे.

तळपाय व नखांच्या बाबतीत मात्र हे निकष पुरेसे पडत नाहीत. तळपायावरील मेलॅनोमा भोवरी, चामखीळ किंवा चिघळलेली जखम वाटू शकतो आणि काही वेळा त्यात काळा रंगही नसतो. नखाखाली मार लागून रक्त साकळले असेल, तर तो डाग नखाच्या वाढीबरोबर हळूहळू पुढे सरकतो व त्याच्या मागे स्वच्छ नख दिसू लागते. पायाच्या अंगठ्याचे संपूर्ण नख नव्याने येण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते, म्हणून डागाचे छायाचित्र काढून काही आठवड्यांनी तुलना करणे उपयुक्त ठरते. मेलॅनोमाचा रंग नखाच्या मुळापासूनच तयार होत राहत असल्याने तो पुढे सरकून निघून जात नाही. बहुधा तो उभ्या पट्ट्याच्या रूपात दिसतो व पट्टा हळूहळू रुंदावतो. सावळ्या व काळ्या वर्णाच्या माणसांच्या अनेक नखांवर असे अरुंद, फिकट पट्टे जन्मजात प्रवृत्तीने असतात व ते निरुपद्रवी असतात. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने उमटलेला, वाढत जाणारा किंवा नख दुभंगणारा पट्टा मात्र वेगळा समजला जातो. अंगठ्याच्या नखात असे पट्टे दिसल्यास विशेष दक्षता घेतली जाते.

अलीकडे त्वचादर्शक भिंगातून पाहणी केली जाते. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांप्रमाणे उंचवटे व खाचा असतात. निरुपद्रवी तिळाचा रंग मुख्यतः खाचांत, तर मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर दिसतो, असे जपानी त्वचारोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले. तथापि अंतिम निर्णय भिंगाने वा नजरेने होत नाही. संशयित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली ऊतिपरीक्षा, म्हणजेच बायॉप्सी, हाच निदानाचा निर्णायक मार्ग आहे. त्वचेत मेलॅनोमा किती मिलिमीटर खोल गेला आहे, यावर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते. एक मिलिमीटरहून पातळ असतानाच काढलेल्या मेलॅनोमाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. खोल गेलेल्या मेलॅनोमाच्या पेशी रक्त व लसिकेवाटे दूरच्या अवयवांत पोहोचतात. म्हणूनच निदानास लागलेला प्रत्येक महिना महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय

निदान झाल्यावर डॉक्टरांनी अंगठा कापून काढण्याचा सल्ला दिला. मार्ली यांनी तो मानला नाही. शरीर अखंड ठेवण्याविषयीची रास्ताफारी श्रद्धा हे त्याचे कारण सांगितले जाते. रंगमंचावरील नृत्य व फुटबॉल यांना मुकावे लागेल ही चिंताही त्यांना होती, असे निकटवर्तीयांच्या आठवणींतून दिसते. दुसऱ्या मतासाठी ते मायामीला गेले. तेथे अंगठा शाबूत ठेवून नख व त्याखालील रोगट भाग काढण्यात आला आणि मांडीची त्वचा त्या जागी बसवण्यात आली. ‘एक्झोडस’चा अमेरिका दौरा रद्द झाला. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे समजून काही महिन्यांनी ते पुन्हा कामाला लागले. आजाराचे खरे स्वरूप जाहीर न करता बाहेर केवळ फुटबॉलमधील दुखापत इतकेच सांगितले गेले.

अंगठा वेळीच काढला असता तर मार्ली वाचले असते काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी वारंवार चर्चिला आहे. त्याचे निश्चित उत्तर देता येत नाही, कारण निदानाच्या वेळीच काही पेशी शरीरात इतरत्र पोहोचलेल्या असण्याची शक्यता होती. दूरवर पसरलेल्या मेलॅनोमावर त्या काळी प्रभावी औषध उपलब्ध नव्हते. रोगप्रतिकारशक्तीला चालना देऊन रुग्णांचे आयुष्य वाढवणारी आधुनिक औषधे २०११ पासून वापरात आली.

अखेरची वर्षे

२२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडागारात ‘वन लव्ह पीस’ हा कार्यक्रम झाला. मार्ली यांनी पंतप्रधान मायकेल मॅन्ली व विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांना रंगमंचावर बोलावून दोघांचे हात एकत्र उंचावले. हिंसाचार त्याने थांबला नाही, तरी जमैकाच्या इतिहासात ते दृश्य चिरस्मरणीय ठरले. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघातील आफ्रिकी शिष्टमंडळांच्या वतीने त्यांना शांतिपदक प्रदान करण्यात आले आणि वर्षअखेर त्यांनी इथिओपियाला भेट दिली. १९७९ च्या ‘सर्व्हायव्हल’ संग्रहात आफ्रिकी मुक्तिलढ्यांची गीते होती.

१७ एप्रिल १९८० च्या रात्री हरारे (तत्कालीन सॅलिसबरी) येथील रुफारो क्रीडागारात झिंबाब्वेचा स्वातंत्र्यसोहळा पार पडला. ब्रिटनचे युवराज चार्ल्स, भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी आदी पाहुण्यांच्या उपस्थितीत झालेल्या या स्वातंत्र्यसमारंभासाठी मार्ली यांनी स्वतःच्या खर्चाने वाद्ये व ध्वनियंत्रणा तेथे नेली. बाहेर ताटकळलेल्या जमावावर सोडलेला अश्रुधूर आत पसरल्याने कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला, पण नंतर मार्ली पुन्हा गायले. त्याच वर्षी ‘अपरायझिंग’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि २७ जून रोजी इटलीतील मिलान येथे सुमारे एक लाख श्रोत्यांपुढे त्यांचा कार्यक्रम झाला.

आजार बळावणे व मृत्यू

सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम केल्यानंतर, २१ सप्टेंबरला सेंट्रल पार्कमध्ये धावत असताना मार्ली कोसळले. तपासणीत कर्करोग मेंदूपर्यंत पसरल्याचे आढळले. तरीही २३ सप्टेंबर रोजी पिट्सबर्गच्या स्टॅन्ली नाट्यगृहात त्यांनी संपूर्ण कार्यक्रम सादर केला. तो त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला. उर्वरित दौरा रद्द झाला. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांनी इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. उपचारांत त्यांच्या जटा गेल्या.

त्यानंतर ते जर्मनीतील बव्हेरियामध्ये योसेफ इसेल्स यांच्या रुग्णालयात दाखल झाले. आहारनियमन व अन्य पर्यायी उपायांवर आधारलेली इसेल्स यांची पद्धती वैद्यकविश्वात वादग्रस्त होती. तेथे सुमारे सहा महिने राहूनही प्रकृती खालावतच गेली. मे १९८१ मध्ये मायदेशी देह ठेवावा या इच्छेने ते निघाले, परंतु प्रवासात प्रकृती अधिक बिघडल्याने त्यांना मायामी येथेच थांबावे लागले. ११ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच्या महिन्यात जमैका सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला होता. २१ मे रोजी किंग्स्टन येथे शासकीय इतमामात अंत्यविधी झाला व नाइन माइल या जन्मगावी, घराशेजारील समाधीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. परिणामी मालमत्तेचे व गीतांच्या हक्कांचे वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालले.

आजाराविषयीचे गैरसमज

मार्ली यांना विषारी बुटांद्वारे मुद्दाम कर्करोग जडवला, अशी वदंता अनेक वर्षे प्रचलित आहे. तिला कोणताही पुरावा नाही. फुटबॉलच्या दुखापतीने कर्करोग झाला, हाही समज वर नमूद केल्याप्रमाणे सिद्ध नाही. वडील श्वेतवर्णीय असल्यामुळे त्यांना हा रोग झाला, असेही काही ठिकाणी म्हटले जाते. गोऱ्या माणसांत उन्हामुळे होणाऱ्या मेलॅनोमाचे प्रमाण खूप अधिक आहे, हे खरे. मात्र तळपाय व नखांखालच्या प्रकाराचा उन्हाशी विशेष संबंध नाही व तो सर्व वर्णांच्या माणसांत आढळतो. आफ्रिकी व आशियाई लोकांत मेलॅनोमा एकूण विरळ असला, तरी झालाच तर तो बहुधा याच ठिकाणी होतो. भारतातील रुग्णांतही पायावर तो वारंवार आढळतो. काळ्या-सावळ्या वर्णाला हा रोग होतच नाही या समजुतीमुळे अशा रुग्णांचे निदान उशिरा होते आणि त्यामुळे त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अधिक राहते. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळपायावरील काळा डाग ठेच किंवा काटा समजून दुर्लक्षिला जाणे सहज संभवते. त्यामुळे त्वचेची तपासणी करताना तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे पाहण्यावर, तसेच नखरंग काढून नखे तपासण्यावर, त्वचारोगतज्ज्ञ भर देतात.

वारसा

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लेजंड’ हा निवडक गीतांचा संग्रह रेगेच्या इतिहासात सर्वाधिक खपाचा ठरला. १९९४ मध्ये मार्ली यांचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. १९९९ मध्ये टाइम साप्ताहिकाने ‘एक्झोडस’ला विसाव्या शतकातील सर्वोत्कृष्ट संगीतसंग्रह म्हणून निवडले व २००१ मध्ये त्यांना मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. झिगी, स्टीफन, डेमियन आदी अपत्यांनी संगीताची परंपरा पुढे चालवली. ५६ होप रोड येथील निवासस्थानी आता संग्रहालय असून नाइन माइल येथील समाधीस जगभरातून चाहते भेट देतात. त्यांच्या जीवनावर २०१२ मध्ये ‘मार्ली’ हा माहितीपट व २०२४ मध्ये ‘बॉब मार्ली : वन लव्ह’ हा चित्रपट प्रदर्शित झाला.